उलट्या तोंडाची साइडकार

जयसिंगरावांची बुलेट एका लाथेत सुरू व्हायची. एकसष्ट साली पौडच्या हैबतरावांच्या घरी जे रामायण घडलं त्याचं मूळ एवढंच. ज्याला साडू आहे त्याला याहून जास्त समजावून सांगायची गरज नाही. ज्याला साडू नाही त्यानं देवाचे आभार मानावेत आणि पुढचं नुसतं गंमत म्हणून ऐकावं.

हैबतराव मामलेदार कचेरीत अव्वल कारकून. माणूस अब्रूदार, टोपी कडक इस्त्रीची, आणि कुणाचाही अर्ज एका फेरीत मंजूर करायचा नाही हा त्यांचा धर्म. सासुरवाडी माले, पौडवरून मुळशीच्या अंगाला पाच-सहा मैल. सासूबाई सारजाबाईंना दोन लेकी. थोरली तुळजाबाई ही हैबतरावांची बायको, आणि धाकटी रंभाबाई दिली भुकूमच्या जयसिंगरावांना. जयसिंगरावांची भाताची खाचरं होती, पुण्याला दुधाचा रतीब होता, आणि दात पांढरेशुभ्र होते. दातांचा इथं काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. पण तो माणूस सदानकदा हसायचा, त्यामुळं साडूची आठवण झाली की हैबतरावांच्या डोळ्यापुढं आधी ते दातच यायचे.

मोटारसायकल हैबतरावांकडंही होती, आणि साडूच्या आधीपासून होती, हे ते कुणालाही विचारल्यावाचून सांगत. कासार आंबोलीच्या एका बंगलेवाल्या साहेबाकडून घेतलेली, लढाईच्या काळातली विलायती गाडी. वयोमानानं ती जरा हट्टी झाली होती. अकरा लाथा मारल्यावर सुरू व्हायची, त्यातली सातवी लाथ उलटून नडगीवर बसायची. मागं लोखंडी कॅरियर होतं. त्यावर तुळजाबाई लग्नानंतर एकदा बाजारापर्यंत बसल्या होत्या आणि मग दोन दिवस तेल लावून पालथ्या निजल्या होत्या. तेव्हापासून त्या माहेरी एस्टीनंच जायच्या. हैबतराव एकटे गाडीवर मागनं जायचे, आणि बहुतेक एस्टीच्याही नंतर पोचायचे.

तरी नऊ वर्षं सुखात गेली, कारण तुलना करायला कुणी नव्हतं. मग गेल्या दिवाळीला जयसिंगरावांनी नवी कोरी बुलेट मालेच्या अंगणात आणून उभी केली. हैबतराव पोचेपर्यंत साडूच्या कपाळाला टिळा लागलेला होता. थोरल्या जावयाच्या आधी धाकट्याला. सारजाबाई म्हणाल्या, पाव्हणं उन्हाचं आलं, किती वेळ ताटकळत ठेवायचं. हे हैबतराव गिळू शकले असते. पण तुळजाबाई त्या बुलेटजवळ उभ्या होत्या. त्यांनी पदराच्या टोकानं टाकीवरून हात फिरवला, किती गुळगुळीत हाय म्हणाल्या, आणि डोळे भरून गाडीकडं बघत राहिल्या. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. त्या नऊ वर्षांत आपल्याकडं बाईनं एकदाही असं पाहिलं नाही, हे हैबतरावांच्या तेव्हा ध्यानात आलं आणि ते अनारशाचा घास तसाच हातात धरून बसले. टिळा गेला तर गेला. त्यांना ती नजर पाहिजे होती. पुढं त्यांनी जे काही केलं ते सगळं त्या एका नजरेसाठी केलं, हे ध्यानात ठेवा, नाहीतर तुम्हाला तो माणूस येडा वाटेल.

त्या साली जेठात अधिक महिना आला. अधिक म्हणजे धोंड्याचा महिना, तीन वर्षांतून एकदा जावयाचा मान. लेक-जावयाला जोडीनं पाटावर बसवायचं, पुरणाचे धोंडे वाढायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. बोलावणं दोन्ही जावयांना एकाच दिवसाचं होतं. हैबतरावांनी मनाशी ठरवलं की यावेळी तुळजाला आपल्याच गाडीवरून न्यायची, साडूच्या आधी पोचायचं, आणि अशा थाटात पोचायचं की बुलेटकडं कुणी ढुंकून पाहणार नाही. त्यासाठी कॅरियर काढून बायकोला बसायला एक चांगली गादी टाकायची, बस. एवढंच काम होतं. हे एवढंच काम त्यांनी शेजारच्या गेणबाला बोलून दाखवलं आणि तिथं घोटाळ्याला सुरुवात झाली.

गेणबा म्हणजे पल्टणीतनं पेन्शनीत आलेला ड्रायव्हर. ब्रह्मदेशात त्यानं कोणाकोणाला कुठंकुठं पोचवलं याची यादी रोज वाढत असे. गादी हा शब्द ऐकून तो असा हसला की हैबतरावांना आपण लंगोटाची गोष्ट काढली की काय असं वाटलं. गादी तर बुलेटलाही आहे, म्हणाला. साडूच्या पुढं जायचं तर साइडकार लावा. गोरे साहेब आपल्या मडमेला साइडकारमधनंच न्यायचे, मागं बसवलेली मडम त्यानं उभ्या लढाईत पाहिली नव्हती. हैबतरावांनी डोळे मिटले. तुळजा साइडकारमध्ये ऐसपैस बसली आहे, मांडीवर वाणाची पिशवी आहे, आणि माले गाव दोन्ही बाजूंनी उभं आहे, असं त्यांना स्वच्छ दिसलं.

पुढच्या रविवारी दोघं पुण्याच्या जुन्या बाजारात गेले. तिथं लढाईनंतर विकायला काढलेला माल अजून पडलेला असे. बूट, तंबू, पाण्याच्या बाटल्या, आणि एका ढिगाखाली खरोखरच साइडकार. अमेरिकन गाडीची आहे, एकदम मजबूत, असं विकणारा म्हणाला. गेणबानं तिला दोन लाथा मारल्या आणि माल पास केला. आता ती पौडला न्यायची कशी? एस्टीच्या टपावर. पण कंडक्टर नियमाचा माणूस निघाला. ह्यात आसन आहे, म्हणजे हे वाहन झालं, आणि टपावर सामान चढवता येतं, वाहन नाही, असं त्याचं म्हणणं. हैबतराव जन्मभर लोकांना असल्याच कारणांनी माघारी पाठवत आले होते, त्यामुळं त्यांना कंडक्टरबद्दल आदर वाटला आणि रागही आला. शेवटी आसनाची गादी उचकटून हैबतरावांनी काखेत धरली, आणि उरलेला डबा ‘रिकामी पेटी’ म्हणून वर चढला. गादीला मांजराचा वास होता, पण पौडपर्यंत त्यांनी ती सोडली नाही.

गावात विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करणारा कोंडिबा होता. इंजिन पाणी उपसतंय का माणूस वाहतंय हे बघायचं नसतं, इंजिन म्हणजे इंजिन, हे त्याचं तत्त्वज्ञान. त्यानं साइडकार गाडीला लावून पाहिली, पुन्हा लावून पाहिली, आणि विडी पेटवून बसला. अमेरिकेत गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगानं चालतात म्हणे. त्यामुळं ही साइडकार घडवलीच होती मोटारसायकलच्या उजव्या हाताला बसेल अशी. चाक उजवीकडं, जोडायचे दांडे डावीकडं. आणि आपण चालतो डावीकडनं. उजव्या हाताला लावली तर बाई रस्त्याच्या मधोमध येणार, आणि समोरची एस्टी बाईंना घेऊन जाणार. गेणबा म्हणाला, हे त्याला माहीत होतं, पण कुणी विचारलं नाही.

कोंडिबानं विडी संपवली, उठला, आणि साइडकार गरकन फिरवून तोंड मागं करून डाव्या बाजूला लावली. दांडे बरोबर आले. चाक बाहेरच्या बाजूला आलं. सगळं फिट्ट बसलं. फक्त बसणाऱ्याचं तोंड आता गाडीच्या मागं झालं.

“आरं, पण बाई उलटी जाईल की,” हैबतराव म्हणाले.

“तोंडाचा काय संबंध साहेब?” कोंडिबा म्हणाला. “बसायचं तर बुडानंच हाय न्हवं?”

अव्वल कारकुनानं एकदा चाकाकडं पाहिलं आणि बोल्ट आवळायला सांगितलं. आणि खरं सांगायचं तर महिना निम्मा सरला होता, दुसरी साइडकार शोधायला वेळ नव्हता.

पण एक जुळवलं की दुसरं बिघडतं. साइडकारच्या वजनानं गाडी चढाला धापा टाकू लागली. मग मागच्या चाकाला मोठं दात्यांचं चक्र पाहिजे, ते जुन्या बाजारात दुसऱ्याच एका गाडीचं मिळालं. त्याला जुनी साखळी पुरेना, म्हणून साखळी तिसऱ्या गाडीची. ओढ डावीकडं बसायला लागली, हँडल धरून धरून हैबतरावांचा उजवा खांदा उतरला, म्हणून पुढच्या चाकाचा चिमटा बदलून एका नॉर्टन मोटारसायकलचा लावला. तो वळताना जुन्या टाकीला घासायला लागला, म्हणून टाकीही नॉर्टनचीच. पुढचा दिवा लॉरीचा. मागचं दिसावं म्हणून आरसा लावला तोही लॉरीचा, ताटाएवढा. दर बुधवारी आणि रविवारी हैबतराव पुण्याला, आणि किरकोळ रजेचा अर्ज मामलेदारांपुढं. कारण काय लिहायचं? ‘घरगुती अडचण’ असं ते लिहीत, आणि ते काही खोटं नव्हतं. शेवटी मूळ गाडीचं इंजिन, मागचं कॅरियर आणि हैबतरावांचा जळफळाट एवढंच मूळचं उरलं.

पौडकरांनी सल्ले द्यायला कमी केलं नाही. कुणी म्हणालं लाल रंग द्या, कुणी म्हणालं हळदी-कुंकवाची बोटं तरी ओढा. भिकू न्हाव्यानं दाढी करता करता विचारलं की पूर्वी धिंड काढायची तर माणसाला गाढवावर असंच उलटं बसवायचे, नाही का? वस्तरा गळ्यावर होता म्हणून हैबतराव गप्प राहिले. त्या दिवसापासून ते घरीच दाढी करू लागले, आणि पुढचे आठ दिवस हनुवटीला कापूस लावून कचेरीत गेले.

गाडीला चाक वाढलं म्हणजे कागदावरही वाढलं पाहिजे. हैबतराव कायद्याचा माणूस, पुण्याला गाड्यांच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनानं अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. इंजिन एका गाडीचं, टाकी दुसरीची, बाजूचा डबा तिसरीचा, तर ही गाडी नेमकी कुठली समजायची? हैबतरावांनी नम्रपणे सांगितलं की ती त्यांची समजावी. कारकून म्हणाला, तसा रकाना नाही. मग गाडी पाहायला साहेब बाहेर आले. त्यांनी साइडकारमध्ये स्वतः बसून पाहिलं, मागच्या फाटकाकडं तोंड करून बराच वेळ बसले, आणि आत जाऊन शेरा मारला: ‘सदर वाहन पुढे जात असता उतारू मागे जात असल्याचे भासते, तथापि हरकत नाही.’ हैबतराव परत येताना हा शेरा मनात घोळवत राहिले. त्यात ‘तथापि’ होतं. शेऱ्यात ‘तथापि’ असलं की पुढं काहीतरी निघतं, हा त्यांचा वीस वर्षांचा अनुभव होता.

अखेर तो दिवस उजाडला. पोरं उन्हाळ्याच्या सुट्टीला आजोळीच होती, त्यामुळं निघायचं ते नवरा-बायकोनंच. तुळजाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून बाहेर आल्या. साइडकारभोवती एक चक्कर मारली. हैबतराव श्वास रोखून त्यांच्या डोळ्यांकडं बघत होते. डोळ्यांत ते तसलं काही आलं नाही, पण हसूही आलं नाही. बाईंनी आत पाय टाकला, बसल्या, पदर खोचला.

“धूळ डोळ्यांत जात न्हाई हितं,” त्या म्हणाल्या. “बेस हाय.”

हैबतरावांनी मुद्दाम वेळ साधली होती. भुकूमहून मालेला जायचं तर जयसिंगरावांना पौडवरूनच जावं लागायचं. लांबून बुलेटचा आवाज आला तशा त्यांनी अकरा लाथा सुरू केल्या, आणि बुलेट पौडात शिरायच्या बेतात असताना ते तिच्या बरोबर पुढं रस्त्याला लागले. रस्ता एकपदरी. साइडकारनं तो आणखी एकपदरी केला. बुलेट मागं आली, हॉर्न वाजला, बाजूनं घुसायला बघू लागली, पण जागाच नाही. जयसिंगराव हैबतरावांच्या मागं. साडू मागं! दिवाळीपासून पोटात जे जळत होतं त्यावर कुणी गार पाण्याचा तांब्या ओतला असं त्यांना वाटलं. टोपी वाऱ्यानं उडेल म्हणून दातांत धरली होती, नाहीतर ते गाणंच म्हणाले असते.

हे सुख अर्धा मैल टिकलं. मग मागनं हसणं ऐकू आलं.

आधी रंभाबाईंचं, मग तुळजाबाईंचं, मग त्या माणसाचं. हैबतरावांनी लॉरीच्या आरशात पाहिलं. आरशात तुळजाबाईंचा अंबाडा दिसत होता, आणि अंबाड्याच्या पलीकडं, दहा हातांवर, जयसिंगरावांचे दात. तेव्हा कुठं त्यांच्या डोक्यात उजेड पडला. साडूला मागं टाकायचं म्हणून आपण जीव टाकला, आणि बायको बसवली ती मागं तोंड करून. साडू मागं, बायकोचं तोंड मागं. म्हणजे माले येईपर्यंत ती दोघं समोरासमोर, आणि आपण बसायचं पुढं रस्त्याचे खड्डे मोजत. पदरच्या कमाईनं, किरकोळ रजा घालवून, कोंडिबाच्या हातापाया पडून, हैबतरावांनी आपली बायको साडूच्या समोर मांडून ठेवली होती.

त्यांनी वेग वाढवला. मोठ्या चक्रामुळं वेग वाढायचा नुसता आवाजच झाला. बुलेट आरामात मागं चिकटून राहिली. त्यांनी वेग कमी केला. बुलेटही कमी, आता तर अंतर पाचच हात राहिलं आणि बोलणं आणखी सोयीचं झालं. शब्द कळत नव्हते. ‘आक्का’ एवढं मधूनमधून ऐकू यायचं, कारण जयसिंगराव तुळजाबाईंना रंभाबाईंसारखंच आक्का म्हणत. तुळजाबाई हात करून करून काहीतरी सांगत होत्या. घरी ह्या बाईला चार शब्द विचारले तर दोन मिळायचे. साडूसाठी बरे शब्द होते, मैलच्या मैल पुरतील इतके. हैबतरावांनी टोपी इतकी घट्ट चावली की तिची इस्त्री गेली. एकदा त्यांच्या मनात आलं, गाडी थांबवावी आणि साडूला पुढं जाऊ द्यावं. पण मग तो आधी पोचणार. टिळा सोडायचा की नजर सोडायची, हा पेच त्यांना सुटेना, आणि तो सुटायच्या आत माले आलं.

पोचले मात्र तेच आधी. पण पाच-सहा मैलांची धूळ जयसिंगरावांनी अंगावर घेतली होती. दारात ते उभे राहिले तेव्हा नुसत्या डोळ्यांच्या बाहुल्या काळ्या होत्या, बाकी सगळा माणूस तांबडा. सारजाबाई पाण्याची घागर घेऊन धावल्या त्या थेट धाकट्या जावयाकडं. आदूगर ह्यास्नी पाणी द्या, पाव्हणं पार मातीत लोळल्यागत झालंय, म्हणाल्या, आणि पदरानं साडूच्या खांद्यावरची धूळ झटकली. हैबतराव स्वच्छ होते, म्हणून कोरडे उभे राहिले.

दुपारी पाट मांडले. टिळा मात्र रीतसर थोरल्या जावयाला आधी लागला. पुरणाचे धोंडे झाले, वाण मिळालं, अनारसे मोजून तेहतीस. ज्यासाठी एवढा आटापिटा केला ते पदरात पडलं, पण हैबतरावांचं लक्ष तिकडं नव्हतंच. पलीकडच्या पाटावर जयसिंगराव तुळजाबाईंकडं बघून कसलीशी खूण करत होते. तुळजाबाईंनी मान हलवली. रंभाबाई लाजून खाली बघत होत्या. हैबतरावांनी तोच धोंडा तिसऱ्यांदा तुपात बुडवला. जेवण झाल्यावर ते पडवीत आले, आणि तिथं तुळजाबाई त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“अवो, साइडकार म्या रंभीला दिली,” त्या म्हणाल्या.

“काय दिली?”

“साइडकार. तिला दिवस गेल्यात. चौथा लागलाय. त्या गाडीवर मागं बसून तिचं पोट ढवळून निघतंय. वाटेतच म्या सांगितलं, घिऊन जा म्हणून. जयसिंगराव नगं म्हनत हुते. दादांनी एवढी हौसेनं केली, त्यास्नी वाईट वाटंल, म्हनले. म्या म्हनलं, आमचं मानूस तसं न्हाई.”

शेवटचं वाक्य ऐकून हैबतरावांचं तोंड उघडलं होतं ते मिटलं. ते नेमके तसेच होते. सबंध मुळशी तालुक्यात त्यांच्याइतका तसला माणूस नव्हता. पण बायकोनं साडूजवळ आपल्याबद्दल असं काही बोलावं याचा त्यांना इतका अचंबा वाटला की नाही म्हणायचं राहूनच गेलं. आणि दारामागं सारजाबाई डोळ्याला पदर लावून उभ्या होत्या, तिथं कुणाची बिशाद नाही म्हणायची?

सगळी दुपार हैबतराव अंगणात उघड्या अंगानं बसून स्वतःच्या साइडकारचे बोल्ट काढत होते, कारण कुठल्या दांड्याच्या बोल्टखाली किती चकत्या लागतात हे आता कोंडिबा सोडला तर त्यांनाच ठाऊक. बुलेटची चौकट निराळी. दांडे पुरेनात. शेवटी सारजाबाईंच्या नांगराची एक लोखंडी पट्टी मधे घातली तेव्हा जुळलं. नव्या कोऱ्या बुलेटच्या अंगावर नांगराची पट्टी बसताना पाहून त्यांना जे समाधान झालं ते त्यांनी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. जयसिंगराव पाना धरून शेजारी उकिडवे बसले होते. दादा, तुमचं डोकं लई चालतं, असं ते दोनदा म्हणाले. ते ऐकायला गोड लागलं, आणि साडूचं बोलणं गोड लागलं याचा हैबतरावांना राग आला.

उन्हं कलल्यावर परत निघाले. या खेपेला जयसिंगराव पुढं, साइडकारमध्ये रंभाबाई, त्याही मागं तोंड करून. मागं हैबतराव, आणि त्यांच्या लोखंडी कॅरियरवर गोधडीची चौपदरी घडी, त्यावर तुळजाबाई. रस्त्याकडेची माणसं बायकापोरांसकट बाहेर येऊन बघत होती. काय गाडी केलीय जयसिंगरावांनी, असं एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला. हैबतरावांच्या काळजात कळ उठली. विचार त्यांचा, खेटे त्यांचे, चकत्या त्यांच्या, आणि नाव साडूचं. मग न राहवून मान अर्धी वळवून म्हणाले, एवढ्या खटपटीची चीज झटक्यात देऊन टाकलीस, तुला तिच्यात बसायला आवडलं नाही का?

तुळजाबाईंनी बुडाखालची गोधडी सारखी केली.

“आवडलं की,” मग त्या म्हणाल्या. “समदा मुलूख दिसत हुता. डोंगर, खाचरं, रंभी, जयसिंगराव. तुमी तेवढं दिसत न्हवता. नऊ वरसांनी नवऱ्यासंगं गाडीत बसली, आन् नवराच दिसंना. जीव कसा रमल?”

हैबतरावांनी मान पुरती मागं वळवली. तेवढ्यात मोठा खड्डा आला, आणि तुळजाबाईंनी पडू नये म्हणून दोन्ही हातांनी त्यांच्या कमरेला मिठी घातली. भर रस्त्यावर, दिवसाढवळ्या, मामलेदार कचेरीच्या अव्वल कारकुनाला. खड्डा गेला. मिठी राहिली. पाठीला त्यांचा गाल टेकलेला हैबतरावांना कळत होता, आणि नजर कुठं आहे हे बघायची त्यांना आता गरज वाटली नाही.

पुढं साइडकारमध्ये रंभाबाई हे सगळं समोरून बघत होत्या. त्यांनी नवऱ्याला हाक मारून काहीतरी सांगितलं. जयसिंगरावांनी मान वळवून मागं पाहिलं. मिठीकडं पाहिलं, मग स्वतःच्या बुलेटच्या रिकाम्या गादीकडं पाहिलं. जरा वेळानं पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा बुलेट रस्ता सोडून चारीत उतरता उतरता राहिली. त्या बघण्याची हैबतरावांना चांगलीच ओळख होती. गेले सात महिने ते स्वतः तसंच बघत होते.

पौड आलं. घर आलं. हैबतराव घरावरून तसेच पुढं गेले.

“अवो, कुटं चाललाय?” तुळजाबाईंनी विचारलं.

“भुकूमला,” हैबतराव म्हणाले. “रंभा दोन जिवांची हाय. घरापतोर सोबत कराया नको व्हय?”